केवळ पर्यटनासाठी

माझ्या मराठीचा मला माज आहे. अकोल्यात एका सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो. नारायणरावांचा कागद कधी अडत नाही, असं आतले कारकूनही म्हणतात.

त्या दिवशी बार्शीटाकळीची प्रणाली आली आणि तिने माझाच एक कागद माझ्यापुढे आपटला.

"काका, हे तुमीच लिहिलं ना?"

मीच लिहिलं होतं. तिचा नवरा गोपाल नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातलं काम सुटल्यावर आखातात निघाला होता. दहावी न झालेल्या माणसाला तिकडे मजुरीला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. फिरायला जायचं तर लागत नाही. एजंटाने ही पळवाट दाखवली, वर स्वतःच्या अंगाशी येऊ नये म्हणून गोपालकडून लेखी मागितलं. ते मी झोकात लिहून दिलं: 'मी स्वखुशीने, केवळ पर्यटनासाठी जात असून तेथे कोणतेही काम करणार नाही.' लिहून झाल्यावर मोठ्याने वाचूनही दाखवलं. आज त्याची लाज वाटते.

गोपाल सहा महिने तिकडे बांधकामावर राबत होता. पासपोर्ट ठेकेदाराने काढून घेतलेला. प्रणाली तक्रार घेऊन आत गेली, तर साहेबांनी एजंटाने पुढे केलेल्या याच कागदाची नक्कल तिच्या हातात ठेवली. मजूर असता तर तक्रार वर पाठवली असती म्हणे, हा तर पर्यटक!

"फिरायले गेलेला माणूस बारा-बारा तास विटा उचलते काय?" प्रणाली कडाडली. "आता खरं लिहा. आमी खोटं बोललो, थेबी लिहा."

"अगं, त्यात गोपालही अडकेल. पुन्हा जाता यायचं नाही त्याला."

"पुन्हा कोनाले जायचं हाये? मले तो घरी पायजे."

तरी मी जुन्या खोडीने सुरुवात केली, 'गैरसमजातून, अनवधानाने...' तिने सरळ माझं पेनच धरलं.

"काका, हुशारी नोका करू. तुमच्या हुशारीनंच तो तिकडे अडकून राह्यला."

झोंबलं मला. कागद फाडला, दुसरा घेतला. गोपाल मजुरीलाच गेला आहे, पर्यटन खोटं होतं आणि ते खोटं मी लिहून दिलं, एवढंच लिहिलं. तिच्या सहीखाली माझी सही केली आणि तिच्याबरोबर आत गेलो.

साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"नारायणराव, बाहेरचं टेबल जाईल याने तुमचं. ही बाई तुमची कोण लागते?"

"कोणी नाही. तिच्या नवऱ्याला पर्यटक मी केला, साहेब. आता मजूर तुम्ही करा. शिक्का मारल्याशिवाय आम्ही दोघं इथून उठत नाही."