शेवटचा घास

"शेवटचा घास टाकू नये, त्यातच सगळी ताकद असते," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

"आई, तिला पहिलाच घास नकोय. शेवटचा कुठून आणू?"

दीड वर्षाच्या आन्थीने ओठ घट्ट मिटले. ताप उतरला होता, पण पोर काही खात नव्हती. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तू पण बघ ना, कस्टमवाल्यानं बॅगेकडे बघावं तशी तिच्या तोंडाकडे बघतेस! कोण जेवेल?"

मी इतकी दमले होते की भांडावंसंही वाटेना. ताटातल्या पावाकडे, आमच्या ग्रीक बोलीतल्या प्सोमीकडे, बघत उगाच म्हणाले, "प्सोमी म्हणजे मुळात पाव नव्हेच, आई. जुन्या काळी पावाला आर्तोस म्हणायचे. प्सोमी म्हणजे त्यातला तोडलेला एक घास. घास दे, घास दे म्हणता म्हणता घासच पाव होऊन बसला. आर्तोस उरला तो देवळात आणि बेकरीच्या पाटीवर."

"शब्दांनी पोट भरत असतं, तर तुझी लेक टम्म फुगली असती. चल, देवळात जायला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी संत पारास्केवीचा सण होता. सासूबाईंनी आन्थीच्या नावाने दालचिनी घातलेले पाच आर्तोस देवळात दिले होते. त्याच संध्याकाळी, सणाच्या आदल्या प्रार्थनेत, पाद्रीबाबांनी आशीर्वादात तिचं नाव घेतलं, मग ते पाव कापून दारात वाटले. माझ्या हातात कागदी रुमालातला एक तुकडा आला. याला किती जणांचे हात लागले असतील, म्हणून मी तो आन्थीपासून लांब धरला.

आन्थीला मांडीवर घेऊन पायरीवर टेकले तेव्हा आठवलं, सकाळपासून मीही काही खाल्लेलं नाही. तुकड्याचा एक लचका तोडला आणि डोळे मिटले.

हाताला ओढ लागली. आन्थी माझ्याच तुकड्यातून कुरतडत होती.

सासूबाई काही बोलणार, तोच मी त्यांचा गुडघा दाबला. दोघी समोरच्या झाडाकडे बघत बसलो. मांडीवरून पाव चावल्याचा बारीक आवाज येत होता. एक घास, मग दुसरा. असाच बराचसा तुकडा संपला.

उरलेला कण तिने खाली टाकला. सासूबाईंनी तो उचलला, झटकला, रीतीप्रमाणे त्याची पापी घेतली आणि सवयीने आन्थीपुढे धरला. मग थांबल्या. हात माझ्याकडे वळवला.

"घे. तूच खा."

"खाली पडलेला?"

"मग काय, ताकद धुऊन देऊ?"

मी तोंड उघडलं. कुणाकुणाचे हात लागलेत, ते या वेळी मनात आलं नाही.