बेटावरचे निरोप

उपासना संपली तरी ओगीची नावाच्या नदीच्या काठावरल्या त्या प्रार्थनाघरातून कुणी हलत नसे. प्रवचन सगळ्यांना आवडायचं, नाही असं नाही, पण खरी ओढ असायची ती त्यानंतरच्या निरोपांची. सायरसबाबा बायबल मिटत, रुमालाने कपाळ पुसत आणि सांगू लागत: खालच्या बेटावरची फिबी आपल्या आईला कळवते, मुलगी झाली, दोघी धड आहोत. पलीकडच्या मळ्यावरचा सीझर भावाला सांगतो, पाय बरा आहे, काळजी नसावी. ज्याचा निरोप असे तो उभा राहून ऐके आणि अख्खी मंडळी 'आमेन' म्हणे.

१८११ साली आम्हा भातमळ्यावरच्या गुलामांचं टपाल म्हणजे सायरसबाबांची जीभ. बाकीच्यांनी मळ्याच्या हद्दीवरच्या गिरणीपलीकडे पाऊल टाकलं तर पाठीची सालं निघायची. सायरसबाबाही गुलामच, पण सव्हाना शहरात पिंपं बनवणारे. त्यांच्या मालकाने त्यांना फिरायची चिठ्ठी दिली होती. दर तीन महिन्यांनी ते बेटांवर प्रवचनाला जात आणि येताना मणभर निरोप घेऊन येत. माणूस गोड, आवाज खणखणीत. आम्ही त्यांच्यावर देवाच्या खालोखाल विश्वास ठेवला, आणि तिथेच फसलो.

बायनाचा नवरा टायटस चार वर्षांपूर्वी विकला गेला. म्हातारा मालक मेला, मुलांनी वाटण्या केल्या, आणि टायटस बेटावरच्या कापसाच्या मळ्यात जाऊन पडला. बायना इथेच भात कांडत राहिली. दर फेरीला ती सायरसबाबांजवळ एकच निरोप द्यायची, "मी आहे तशीच आहे. वाट बघतेय." आणि ते परतले की पहिल्या बाकावर जाऊन बसायची. पहिल्या दोन वर्षांत आठ फेऱ्या झाल्या. फिबीचे निरोप आले, सीझरचे आले, टायटसचा एकही आला नाही.

आठव्या फेरीनंतर सायरसबाबांनी तिला बाहेर ओकच्या झाडाखाली बोलावलं.

"पोरी, मन घट्ट कर. त्याने तिकडे दुसरं घर केलंय."

"टायटसनं? शक्यच नाही."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. विसर आता त्याला."

मग मंडळीच्या वडीलधाऱ्यांची सभा बसली. विक्रीने झालेली ताटातूट म्हणजे मरणच, तेव्हा बायनाने दुसरं लग्न केलं तर पाप नाही, असं ठरलं. ठरवलं कुणी? सायरसबाबांनीच. बायना महिनाभर रडली, मग तिने मिंगोशी लग्न केलं. मिंगो भला माणूस. कालवे खणायचा, कमी बोलायचा, तिच्या अंगावर कधी ओरडला नाही. वर्षाने त्यांना मुलगी झाली.

पोर आठ महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. ईस्टरनंतरचा रविवार. बेटावरून कापूस घेऊन सव्हानाला निघालेली एक नाव भरतीच्या वेळी आमच्या धक्क्याला लागली, आणि तिचा नावाडी क्वॅश उपासनेला येऊन बसला. धिप्पाड, हसरा, बोलघेवडा. निरोप संपल्यावर रिवाजाप्रमाणे मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या हेगरमायने विचारलं, "पाहुण्याजवळ कुणासाठी काही आहे का रे?"

सायरसबाबा घाईने उठले. "पाहुण्याला ओहोटी गाठायचीय. चला, प्रार्थना करू."

"आहे की, वेळ आहे!" क्वॅश उभा राहिला. "बायना कोण इथं? टायटस विचारतोय, अंगठा बरा झाला का? हे दर खेपेला विचारतो गडी, आम्हाला पाठ झालंय. यंदा म्हणलं आपणच तोंडानं विचारून घेऊ."

बायना उभी राहिली. टायटसला नेलं त्याच्या आदल्या दिवशी तिचा अंगठा मुसळाखाली चेचला होता. ही गोष्ट बेटावर दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"दर खेपेला?" तिने विचारलं. "कुणाजवळ?"

"बाबांजवळ, आणखी कुणाजवळ! सोळा फेऱ्या मोजल्यात त्यानं."

"त्याची बायको कशी आहे?"

क्वॅश हसला. "कुठली बायको? पोरी चिडवून थकल्या. म्हणतो, माझी बायको नदीवर आहे, वाट बघतेय. आणि बाबा तुझा निरोप आणतातच की दर वेळी. आता ईस्टरलासुद्धा आणला. 'मी आहे तशीच आहे,' म्हणून."

बायनाने निरोप देणं बंद करून दोन वर्षं झाली होती. मिंगोच्या मांडीवर पोर त्याच्या गुंड्या ओढत होती. क्वॅशने पोरीकडे पाहिलं, मग बायनाकडे. त्याचं हसू ओसरलं.

"सायरसबाबा," बायना म्हणाली, "हा खोटं बोलतोय असं म्हणा. मी तुमच्यावर विश्वास ठेवीन."

ती खरंच ठेवणार होती. तेवढी एक वाट तिने त्यांना दिली. पण सायरसबाबांनी रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"तुझ्या भल्यासाठी केलं, पोरी. इथला मालक म्हणाला होता, बिनमुलाची तरणी बाई पोसायला मी काही खुळा नाही. लग्न करत नसेल तर ऑगस्टाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याला विकतो. तू आज इथं आहेस ती त्यामुळे."

"आणि टायटसला माझा निरोप कशाला देत होतात?"

"तो पळून जायच्या बेतात होता. त्याचा मालक म्हणाला, त्याला थोपवून धर, नाहीतर या बेटावर पुन्हा पाय ठेवू नकोस. मग बाकीच्यांचे निरोप कुणी आणले असते? तू वाट बघतेयस म्हटल्यावर राहिला बिचारा गुमान."

म्हणजे जिथे आशेने माणूस कामाला जुंपून राहत होता तिथे त्यांनी आशा पोचवली, आणि जिथे आशा मालकाच्या आड येत होती तिथे ती मारून टाकली. दोन्ही मालक खूश, दोन्हीकडे प्रवचनं चालू. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर शेतालाच उपदेश केला.

"आणि हे छप्पर?" हेगरमायने काठी वर केली. "सायरस, नव्या छपराचं लाकूड बायनाच्या लग्नानंतरच आलं ना रे मालकाकडून?"

सगळ्यांनी वर पाहिलं. एकट्या सायरसबाबांनी पाहिलं नाही.

"देवाचं घर गळत होतं," ते पुटपुटले.

"तू मला हे सांगायचं होतंस," बायना म्हणाली. त्यांना 'तू' म्हणणारं त्या घरात तोवर हेगरमायखेरीज कुणी नव्हतं. "मालक विकणार आहे, हे सांगायचं होतंस. मी मिंगोशी लग्न केलंही असतं. पण टायटसला शिव्या देत केलं नसतं. दोन वर्षं मी त्याला शाप दिलेत, सायरस. झोपताना, उठताना."

मिंगो पोरीला घेऊन उठला. "मला यातलं काही ठाऊक नव्हतं, बायना."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. त्याच्यावर तिचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

क्वॅश दारात चुळबुळत होता. बाहेर पाणी उतरू लागलं होतं.

"मला निघायला हवं, बाई. काय सांगू त्याला?"

बायनाच्या जिभेवर जुनाच निरोप आला. मी आहे तशीच आहे, वाट बघतेय. सोपा होता. टायटस आणखी चार वर्षं तग धरेल, कुणाला सांगेल की माझी बायको नदीवर आहे, आणि सुखाने झोपेल. तिने सायरसबाबांकडे पाहिलं. ते हळूच मान डोलावत होते. म्हण, पोरी, म्हण तेवढं. ती मान पाहिली आणि तिच्या तोंडातला तो निरोप विटला.

ती क्वॅशजवळ गेली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"सांग, अंगठा बरा झाला. सांग, बायनानं दुसरं लग्न केलं, तिला मुलगी आहे. तू सोडलंस असं ऐकून केलं. कुणी सांगितलं त्याचं नाव सांग. आणि सांग, माझ्यासाठी आता तिथं थांबू नकोस."

"बायना!" सायरसबाबा ओरडले. "तो पळेल! मारला जाईल!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "म्हणून दाखव," ती क्वॅशला म्हणाली.

क्वॅशने घसा खाकरला. अंगठा म्हणाला, लग्न म्हणाला, सायरसचं नाव घेतलं, थांबू नकोस म्हणाला. धिप्पाड गडी, पण त्याला तिच्याकडे बघवेना.

"मुलीचं राहिलं," बायना म्हणाली. "पहिल्यापासून म्हण."