भिवंडीची ड्युटी

"विनीत, नीट विचार केलायस ना?" जागृती मॅडमनी अर्जावरून मान वर केली. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ड्युट्या त्याच लावत. "महाडची गाडी एकदा सोडलीस की परत मिळायची नाही."

"केलाय मॅडम. भिवंडीच्या फेऱ्या द्या. संध्याकाळी घरी पोचलो म्हणजे झालं."

महाडच्या गाडीवर कंडक्टर म्हणजे एक दिवस जायचं, रात्री तिकडेच मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. त्यात रस्ते जिकडेतिकडे खणून ठेवलेले. गाडी वेळेवर पोचेल तर शपथ. प्राची, त्याची बायको, कल्याणला एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या पाळ्या सतत बदलायच्या. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत नवराबायको दारातच भेटत. एक येतंय, एक निघालंय. लेकीला, अंतराला, फिट यायला लागल्या, तरी शेजारच्या काकू होत्या तोवर निभावलं. काकू मुलाकडे बदलापूरला गेल्या, आणि एक दिवस शाळेतून आलेली अंतरा घरात एकटीच असताना तिला फिट आली. प्राचीने दार उघडलं तेव्हा पोर मोरीजवळ पडलेली, कपाळ फुटलेलं.

टाके घालून झाल्यावर दवाखान्याच्या बाकावर प्राची म्हणाली, "एकाने तरी काहीतरी सोडायला हवं रे. असं नाही जमणार. मी नोकरी सोडू?"

"नको. मी महाड सोडतो."

तो एवढंच बोलला. महाडच्या अलीकडे वाकी फाट्यावर त्याची आई उभी असते, हे प्राचीलाही ठाऊक होतं. रंगूबाई डोंबिवलीला यायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या जावेचं तीच करायची. मुलाची गाडी असेल त्या दिवशी मात्र फाट्यावर यायची. कधी वालाचं बिरडं, कधी सुकट, आणि भाकरी. प्रवासी चढेउतरेपर्यंत मायलेकांचं जे काय बोलणं व्हायचं ते व्हायचं.

महाडच्या शेवटच्या फेरीला विनीत फाट्यावर खाली उतरला.

"आये, आता मी नसेन या गाडीवर."

"का रं? बरं नाय का तुला?"

"मी बरा आहे. अंतराचं बघायला कुणी नाही ना. ठाण्यातच फिरणार आता."

रंगूबाईने पदराने तोंड पुसलं. "गाडी येल ना पन?"

"गाडी येईल. कंडक्टर दुसरा."

"त्याला चालंल का माजी भाकर?"

ड्रायव्हर गोविंदाने हॉर्न दिला. विनीत चढला, घंटीची दोरी ओढली आणि पुढे बराच वेळ नुसता तिकिटाच्या मशीनकडे बघत उभा राहिला.

भिवंडीच्या फेऱ्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. तीच धूळ, तेच ट्रक, गोदामांकडे जाणारी तीच पेंगुळलेली माणसं. अंग आंबून जायचं. पण उजेड असताना घरी येता यायचं. चहा ठेवायचा, कुकर लावायचा, अंतराचा अभ्यास घ्यायचा. बास.

महिनाभराने डेपोत गोविंदा भेटला. "अरे, तुझी आई नाय दिसली फाट्यावर. एकदाबी नाय."

विनीतने घरी येऊन लगेच गावी फोन लावला.

"बरी हाय मी," रंगूबाई म्हणाली. "बरंच झालं म्हन. तेवढीच माजी उन्हातली पायपीट वाचली."

"हो, बरं झालं," तो म्हणाला. तेवढ्यात अंतराच्या हातातली पेन्सिल गळली आणि डोळे वर गेले. त्याने फोन तसाच जमिनीवर ठेवला, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला शर्ट सरकवला आणि शेजारी बसून राहिला. "आहे हं मी. इथंच आहे." हळूहळू तिचं अंग सैल पडलं. श्वास नीट झाला.

फोन चालूच होता. त्याने तो उचलून कानाला लावला.

"आये?"

"गेली का रं फिट?"

"गेली. झोपलीय आता."

"मग तू बी वाईच पड," रंगूबाई म्हणाली, आणि फोन तिनेच आधी ठेवला.