तिसऱ्या गटात कोणी नाही

संघदीपने मंगलीचा फोन हातात घेऊन कॉलेजचं पान उघडलं. पांढरा पडदा. परत उघडलं. पांढराच.

"तीन दिवसांपासून असाच होऊन रायला जी," मंगली म्हणाली. नर्सिंगच्या प्रवेश अर्जाची आज शेवटची तारीख. कॉलेजने फोनवर वेबसाइट बनवणाऱ्यांचा पत्ता सांगितला, म्हणून ती अर्जुनी मोरगावकडून सकाळच्या गाडीने गोंदियाला, या ऑफिसात आली होती.

मालक भैय्यालालने मान वर केली. "तिसऱ्या गटातला डब्बा आहे रे तो. छोड ना."

वेबसाइट कुठल्या फोनवर किती चालली पाहिजे, याचे गट संघदीपनेच पाडले होते. पहिल्यात कॉम्प्युटर आणि नवे फोन. तिथे सगळं चाललंच पाहिजे. दुसऱ्यात थोडे जुने. अर्ज भरता आला की पुरे. तिसऱ्यात स्वस्त फोनांतले जुने ब्राउझर. तिकडे बघायचंच नाही, कारण महिनाभराच्या मोजणीत तिथून एकही माणूस आला नव्हता. हीच विभागणी पुढच्या वर्षी कायम ठेवायचा कागद आज कॉलेजला जायचा होता.

त्याने मोजणी उघडली. तिसरा गट: शून्य. मंगलीच्या फोनवर तर आत्ताच त्याने पान दोनदा उघडलं होतं.

येणारी माणसं मोजणारी कोडची ओळ पानाच्या तळाशी होती. या फोनवर पान मध्येच मरायचं, ओळीपर्यंत पोचायचंच नाही. दाराबाहेर अडवलेली माणसं मोजायला शिपाई आत बसवला होता, आणि बसवणारा हरामखोर तो स्वतः.

"भैय्यालालजी, हे शून्य खोटं आहे."

"खोटं कसं? तूच काढलं ना बे?" भैय्यालालने खुर्ची ओढली. "बैठ बेटी. या कॉम्प्युटरवरून भर."

वीस मिनिटांत अर्ज गेला. पहिला गट एकाने वाढला.

"देखा? पोरगी पहिल्या गटात आली. पाठव कागद."

मंगली उठली नाही. तिने पिशवीतून गावातल्या सहा पोरींच्या मार्कशीट काढल्या.

"यायचेबी भरा लागते जी. सगळ्यायचे फोन असेच हायेत."

"मग त्या काऊन नाही आल्या?" भैय्यालालने विचारलं.

"धानाची रोवणी सुरू हाये. मलेच पाठवलं."

त्यांचा सहावा अर्ज गेला तेव्हा पहिला गट सातने वाढला होता. तिसऱ्यासमोर शून्यच. भैय्यालालने कागद सहीला पुढे सरकवला.

संघदीपने पेन उचललं आणि कागदावर तिसऱ्या गटापुढच्या शून्यावर काट मारली.

"ये क्या कर रहा है बे?"

"मंगली," शेजारची कोरी जागा बोटाने मोजत तो म्हणाला, "तुझं पूर्ण नाव सांग. मग त्या सहा जणींची."