सशांची वाट

टिल्काने स्लावकोच्या स्की-बुटाचा वरचा चाप अंगठ्याने दाबून बसवला आणि आतली जीभ कुठे दुमडली तर नाही ना, हे नडगीवरून बोटं फिरवून चाचपून पाहिलं. मान तिने वर केलीच नाही. बुटांसाठी तिला डोळे लागत नसत.

"घट्ट झालाय हो, बाई," स्लावको म्हणाला. "रक्त थांबेल माझं."

"थांबू द्या. खाली पोचल्यावर सोडू."

बाजूला उभी असलेली इरेना हसली. हसणं कसलं, थंडीने आणि भीतीने दात वाजत होते बिचारीचे. नवरा आणि दोन्ही मुलं वरच्या उभ्या उतारांवर गेली होती. ती दरवर्षी झारेब्रला यायची आणि खालच्या टपरीत लिंबाचा चहा पीत काचेतून डोंगर बघायची. यंदा नवऱ्याने लोकांदेखत तिची टर उडवली, म्हणून तावातावाने टिल्काच्या स्की-शिकवणीत नाव घालून आली होती. ताव पहिल्याच दिवशी उतरला, पण परत फिरायची लाज वाटत होती. स्लावकोचं वेगळं. बेकरीतून निवृत्त झालेला माणूस, जन्म भट्टीपाशी गेलेला. नातीला शब्द देऊन बसला होता.

डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी रांगेतून दुसऱ्या एका शिक्षकाने हाळी दिली, "काय टिल्का, आज किती ससे?"

"दोन. तुझ्यापेक्षा शहाणे आहेत."

रांग हसली. झारेब्रमध्ये घाबरट शिकाऊंना ससे म्हणत, आणि ससे टिल्काच्या पदरी टाकत. ज्याला उतार बघून घेरी येते, जो लिफ्टवर बसताना देवाचं नाव घेतो, तो तिचा. बाकीच्यांना तो वैताग वाटायचा. टिल्काला मात्र ससे आवडत, कारण ससा खोटं बोलत नाही. घाबरला की थरथरतो. तिने कधी कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि तिचा एकही ससा आजवर स्ट्रेचरवरून खाली आला नव्हता. याचा तिला गर्व होता. का नसावा? दुसरं होतं काय तिच्याजवळ?

शरदात तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं होतं. कडा राहतील, मधलं जाईल, असं त्या म्हणाल्या. गाडी चालवू नका. टिल्का गाडी चालवतच नव्हती. स्कीचं त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. तेव्हापासून ज्याच्याकडे बघावं त्याच्या तोंडावर पिठाचा हात फिरवल्यासारखा डाग दिसे. माणूस बघायचा तर त्याच्या खांद्यापलीकडे बघावं लागे. हे कळलं तर स्की-शाळेचा मुख्य गोडगोड बोलून तिला घरी पाठवणार, आणि घरी भावजय. तिच्या हातचा आंबट कोबी खात चुलीपाशी विझत बसायचं? मेले तरी नाही, असं टिल्का स्वतःला रोज सकाळी बजावत होती.

शिवाय सशांची वाट तिला पायांनी पाठ होती. उन्हाळ्यात गुरं वर कुरणात न्यायचा तो गाडीरस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ, पण उतार इतका सौम्य की मध्ये काठ्या मारून पुढे जावं लागायचं. संबंध झारेब्रमध्ये इतकी गरीब वाट दुसरी नव्हती.

वर लिफ्टच्या टोकाशी एक काळी पाटी होती. कुठला उतार उघडा, कुठला बंद, कुठे वाट वळवली आहे, हे त्यावर रोज सकाळी खडूने लिहीत. टिल्का वर पोचली की लिफ्टवाल्या त्सिरिलला म्हणायची, "काय रे, आज काय कविता केलीस?" आणि तो मोठ्या आवाजात सगळी पाटी म्हणून दाखवायचा. त्याला वाटे, म्हातारी चेष्टा करते. हिचं काम व्हायचं.

आज त्सिरिल नव्हता. दात काढायला गेला होता, असं त्याच्या जागी आलेल्या पोरीने सांगितलं. कॉलेजातली असावी. आवाज चुणचुणीत होता. मागे इरेना लिफ्टवरून उतरताना ढोपरांवर पडली आणि ती पोरगी तिला उचलायला धावली.

टिल्का पाटीसमोर उभी राहिली. धुकं खालून चढत होतं. पाटीच्या जागी तिला काळपट काहीतरी दिसत होतं, त्यावर पांढरं काहीतरी. तिने वाचल्यासारखी मान हलवली.

"काय लिहिलंय हो?" स्लावकोने विचारलं. त्याचा चष्मा आतल्या खिशात होता. घातला की काचांवर वाफ धरायची.

त्या पोरीला नुसतं विचारायचं होतं. अगं, वाचून दाखव गं जरा. एवढं एक वाक्य. पण पोरगी म्हणाली असती, का हो, तुम्हाला दिसत नाही? आणि ससे ऐकत होते.

"रोजचंच," टिल्का म्हणाली. "चला."

वाटेच्या तोंडाशी तिने दोघांना मागे-पुढे उभं केलं. आधी ती, मग इरेना, शेवटी स्लावको. तिचं जाकीट लालभडक होतं. मुद्दाम तसं घेतलं होतं.

"आता ऐका. डोंगराकडे बघायचं नाही. दरीकडे तर नाहीच. खांब बघायचे नाहीत, पाट्या बघायच्या नाहीत. जिथे डोळा जातो तिथे पाय जातो. म्हणून इरेना, तू फक्त माझ्या पाठीकडे बघायचं. स्लावको, तुम्ही इरेनाच्या. मी वळले की वळायचं, थांबले की थांबायचं. काळजी करायचं काम माझं."

"आणि तुम्ही कुणाकडे बघणार?" स्लावकोने विचारलं.

"मी तुमच्या नातीकडे. खाली वाट बघत उभी असेल ना?"

तो खुशीत हसला. मग टिल्काने नांगर धरला, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणली, टाचा फाकवल्या, आणि तिघं त्या सफेद दुधात उतरली.

काही वेळ सगळं छान चाललं. मागून इरेनाच्या स्कीची खरखर येत होती, त्यामागे स्लावकोचं धापा टाकणं. कोठारापाशी वाट सपाट झाली ती टिल्काला पोटऱ्यांत कळली. इथून लांब सरळ तुकडा, मग झरा, मग शेवटचं डावं वळण. धुकं दाटलं. एरवी तिला कडेने झाडांचे काळे पट्टे दिसत, आज तेही नव्हते. ती जरा हळू झाली एवढंच. तिच्या पायांना कधी धुकं पडलं नव्हतं.

डाव्या वळणावर मात्र पायाखालचा बर्फ बदलला. यंत्राने दाबलेल्या बर्फाच्या बारीक चऱ्या लागेनाशा झाल्या. मऊ, न तुडवलेला बर्फ.  पुढच्या क्षणी वाट बंद करायला आडवी बांधलेली दोरी छातीला लागली.

"थांबा!" ती ओरडली.

इरेना तिच्या पाठीवर येऊन आदळली आणि दोघी दोरीला लटकून राहिल्या. स्लावको इरेनाच्या पाठीकडे बघत होता. पाठ अचानक खाली गेली. तो घाबरला, त्याने नांगर सोडला, आणि जिथे बघायचं नाही तिथे, दरीकडे पाहिलं. टिल्काला त्याच्या स्की शेजारून सर्रकन जाताना ऐकू आल्या. दोरीखालून कुणीतरी पोतं ओढावं तसा आवाज झाला. तो ओरडलासुद्धा नाही.

इरेनाने फोन केला. टिल्का दोरीखालून घसरत, हातांनी चाचपत घळीत उतरली. रात्री गरम वारा सुटून ओढ्यावरचा बर्फ खचला होता आणि वाटेचा तेवढा तुकडा त्याच्याबरोबर गेला होता. खाली पाणी वाहत होतं. स्लावको दगडांत उताणा पडला होता.

"बाई? तुम्ही का?"

"मीच. हलू नका."

"नाही हलत." त्याचा आवाज अगदी शांत होता. "पाय पाण्यात आहेत बघा माझे. पण गार काही लागत नाही. बरंच झालं नाही का?"

टिल्काने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बरं झालं, असं काही तिच्याने म्हणवेना. त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं, पण मान हलवायची नसते हे तिला माहीत होतं. तो नातीचं काहीबाही सांगत राहिला आणि ती हं हं करत राहिली.

बचाव पथकातला गाश्पर तिचा सख्खा भाचा होता. तो आणि त्याचा जोडीदार बर्फावरची घसरगाडी घेऊन आले. त्यांनी स्लावकोला फळीवर बांधून दोरांनी वर काढलं, मागोमाग टिल्कालाही. स्लावकोने जाताना विचारलं, नातीला इतक्यात कुणी सांगितलं नाही ना? जोडीदार गाडी घेऊन पुढे निघाला. गाश्पर मागे थांबला आणि टिल्काजवळ वाकला.

"आत्या, हे बघ. धुकं होतं. धुक्यात कुणालाही दिसलं नसतं. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. कळलं?"

 वाट तिच्यासमोर मोकळी होती. तिने फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवायची तिला सवय झाली होती.

"मला दिसले होते," मागून इरेना म्हणाली.

"काय?"

"खांब. पिवळे-काळे, फुली केलेले. वाट उजवीकडे जंगलातून वळवली होती. बाणही होता." ती रडत होती. "मला वाटलं, बाईंना माहीत असेल. बाई म्हणाल्या होत्या खांब बघायचे नाहीत. मी पटकन नजर काढून घेतली. मी नुसती ओरडले असते तरी चाललं असतं ना हो? ते माझ्या मागे होते. माझ्याकडे बघत होते ते."

 टिल्का तिच्या आवाजाकडे वळली. आज रात्री ही बाई हॉटेलात नवऱ्याशेजारी छताकडे बघत पडेल, उद्याही, आणि पुढल्या सगळ्या हिवाळ्यांत. सशाचं काळीज. दुसऱ्याचं ओझंही आपलंच समजून वाहील.

"तुझी चूक नाही, इरेना," टिल्का म्हणाली. "पाटीवर सगळं लिहिलं असणार. मी वाचली नाही."

"आत्या, धुक्यात ती पाटी..."

"मला उन्हातही दिसत नाही, गाश्पर."

खाली ओढा वाहत होता.  गाश्पर अगदी हळू म्हणाला, "कधीपासून?"

"तू जा त्यांच्याबरोबर. गाडीला मागून धरायला माणूस लागतो. त्यांना हिसका बसू देऊ नकोस."

तो गेला. इरेनाने नाक पुसलं. मग काठ्यांचे पट्टे मनगटांत अडकवले. कुणी सांगावं लागलं नाही. ती जंगलाकडच्या वाटेच्या तोंडाशी जाऊन टिल्काच्या पुढे उभी राहिली.  स्की एकमेकींवर आपटत होत्या ते ऐकू येत होतं.

"बाई, माझ्या पाठीकडे बघा," ती म्हणाली. "दिसते ना?"

तिचं जाकीट पांढरं होतं, की राखाडी. टिल्काने समोर पाहिलं, मग तिच्या खांद्यापलीकडे पाहिलं, मग आणखी बाजूला पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "बोलत राहा."

इरेनाने नांगर धरला. टिल्कानेही धरला, घट्ट, गुडघे आत घेऊन, पहिल्या दिवशी सगळे धरतात तसा.

"उजवीकडे खांब आहे," इरेना म्हणाली. "आता डावीकडे एक. आता बाण. बाई, ऐकताय ना? इथे पाटी आहे. थांबा, वाचते."