सुनेसमोरचा आकडा

सुनेने ट्रेडमिलचा वेग वाढवला आणि आकड्यांचा तक्ता सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरला. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे आता पडतोच.

"बाबा, आकडा?"

"नऊ." घाम हनुवटीवरून टपटपत होता. "आरामात चाललंय."

लांब पल्ल्याच्या धावपटूंनी अमिनो आम्लं घातलेलं पेय घेतलं तर थकवा जरा उशिरा येतो का, हा तिच्या संशोधनाचा प्रश्न. निम्म्या बाटल्यांत ती आम्लं, निम्म्यांत नुसतंच तसं कडू पाणी; कोणाच्या वाट्याला काय आलं ते तिलाही ठाऊक नसे. धावपटू कमी पडले, तेव्हा साठीनंतरही शर्यती पळणारे सासरे आपण होऊन पुढे झाले. पण त्यांचं गणित काही केल्या जुळेना. नाडी धाडधाड उडतेय आणि तोंड म्हणतंय नऊ! थकवा ज्याचा त्यानेच सांगायचा असतो. आधीच माणसं मोजकी, त्यात कोणी खोटं सांगितलं तर एवढी मेहनत मातीत.

बाहेर फोन वाजला. तक्ता मदतनीस बाईंच्या हाती देऊन ती गेली. परतली तेव्हा दार अर्धवट उघडं होतं.

"काका, आकडा?"

"सतरा," सासरे धापा टाकत म्हणाले. "पायांत गोळे आलेत हो बाई."

सून आत आली. सासऱ्यांनी तिला पाहिलं आणि पाठ ताठ केली.

"नऊ," ते म्हणाले.

मदतनीस बाईंनी हसू लपवायला तक्ता तोंडापुढे धरला आणि मग तो टेबलावर ठेवून बाटल्या गोळा करायच्या निमित्ताने त्या बाहेर सटकल्या. सुनेने पट्टा थांबवून सासऱ्यांना खुर्चीत बसवलं. तिला राग आला होता, चांगलाच.

"आता तुमचे सगळे आकडे बाद करावे लागणार. का असं केलंत, बाबा?"

ते टॉवेलने मान पुसत राहिले.

"सुनेसमोर दमलो म्हणायचं? उद्या तूच म्हणशील, पुरे झालं आता पळणं."

"मी कशाला म्हणेन?"

"आणि तू गं? रोज दारात विचारतो, दमलीस का? तुझं ठरलेलं, छे, कुठे! चपला काढताना भिंत धरतेस, ते मला दिसत नाही होय? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती शेजारच्या खुर्चीत टेकली. सासऱ्यांनी तक्ता उचलून तिच्यासमोर धरला.

"बोल. खरं."

तिने नजर वरून खाली फिरवली.

"एकोणीस."

"मग आज स्वयंपाक मी करतो."

"तुम्ही? तुम्हाला उभं राहवत नाहीये."

"सतरा म्हणजे एकोणिसापेक्षा दोन कमीच. बस तू," गुडघ्यांवर हात टेकून उठत ते म्हणाले, आणि ती खरंच बसून राहिली.