आवाज न करणारं छप्पर

ऑब्री क्लेनेटने तीस वर्षं लोकांच्या शेड पाडल्या. म्हणजे स्वतःच्या हातांनी नव्हे. तो कौन्सिलचा इमारत निरीक्षक होता; तो नुसता कागद पाठवायचा, आणि लोक शिव्या घालत आपल्याच हातांनी पाडायचे. उतार कमी, खांब बारीक, कुंपणापासून अंतर अपुरं. ह्यूऑन नदीच्या खोऱ्यात ज्याला त्याने नावं ठेवली नाहीत असं खुराडं शोधून सापडलं नसतं. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर त्याच ऑब्रीला स्वतःच्या परसात सरपणाची एक शेड बांधायची होती, आणि तिच्यावर काय घालावं हे सात आठवडे झाले तरी ठरत नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण निदान कोरडा तरी असतो. ऑब्रीचं सरपण तेवढंही नव्हतं.

दोन टन फोडलेली लाकडं परसात निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. शेडचे खांब उभे होते, आडव्या पट्ट्या ठोकून झाल्या होत्या, मागून पुढे उतारही अगदी अचूक काढला होता. फक्त वर आभाळ होतं. दिवाणखान्यातल्या लोखंडी शेगडीत ओलं लाकूड नुसतं सुंसुं करायचं, धूर करायचा, आणि ऑब्री खोकत बायकोला म्हणायचा, "दोन दिवस थांब, छपराचं नक्की होतंय." एप्रिल संपत आला होता, म्हणजे जगाच्या या दक्षिण टोकाला हिवाळा दाराशी.

अडचण छपराची नव्हती, खिडकीची होती. इकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे परसात दिवसभर ऊन लागणारी भिंत एकच, उत्तरेची, आणि त्या भिंतीत त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या, पलंगाजवळची खिडकी. शेडवर पडलेला पावसाचा प्रत्येक थेंब व्हर्नाच्या कानात पडणार. आणि व्हर्नाला झोप येत नव्हती.

डोंगरावरचं जुनं घर विकून ते दोघं खाली गावात या नव्या, विटांच्या, कौलारू घरात आले, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून बायकोची झोप उडाली ती उडालीच. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, कुठलं पोर कुठल्या फाटकापाशी उतरतं हे झोपेत विचारलं तरी सांगणारी. पण झोपच नाही म्हटल्यावर विचारणार कधी? परवा ती दुकानातून येताना स्वतःच्याच गल्लीवरून पुढे निघून गेली आणि धक्क्यापाशी गाडी थांबवून बसून राहिली.

"ऑब्री," ती घरी येऊन म्हणाली, "मे अखेरपर्यंत बघते. नाही जमलं तर टॅमसिनकडे जाऊ. ती केव्हाची बोलावतेय."

टॅमसिन म्हणजे त्यांची मुलगी. ती राहते क्वीन्सलंडात, जिथे हिवाळाच नाही, सरपण नाही, आणि ऑब्रीच्या मते जगण्यासारखंही काही नाही. तो जन्मात या नदीपासून सलग दोन आठवडे दूर राहिला नव्हता. तिकडे गेलो तर मी वर्षभरात मरेन, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. पण दिवसेंदिवस खंगत चाललेल्या बायकोला हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

म्हणून त्याने कंबर कसली. आवाज म्हणजे शत्रू, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ते ठरवायला त्याला कुणाला विचारावं लागलं नाही, कारण तो स्वतःच आवाजाचा मारलेला होता. जुन्या घरावर पन्हळी पत्रा होता. पाऊस आला की ढोल, गारा आल्या की लढाई, वर पोसम नावाच्या मांजराएवढ्या झाडावरच्या प्राण्यांच्या शर्यती, आणि पाऊस नसेल तेव्हा संध्याकाळी थंड होताना पत्रा आपला आपणच टकटक करायचा. एकेचाळीस वर्षं ऑब्री उशाशी कापसाची डबी ठेवून झोपला. गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी, झाकणावर घोडा. नव्या घरातल्या पहिल्या रात्री काहीच ऐकू आलं नाही तेव्हा त्याने ती डबी मोठ्या आनंदाने कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.

व्हर्ना एकदाच म्हणाली होती, "हे घर मुकं आहे रे." ऑब्रीने ते नीट ऐकून घेतलं, त्यावर विचार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नाश्त्याला जास्त बोलू लागला. मुख्यतः छपरांबद्दल.

छपरांसाठी त्याने एक वही केली. डांबरी कागदाची गुंडाळी: सगळ्यांत स्वस्त, पण इथल्या उन्हात पाच-सात वर्षांत पापुद्रे सुटणार. डांबरी पन्हळी शीट: परवडणारी, हलकी, पण उन्हाळ्यात दोन पट्ट्यांच्या मध्ये पोट काढते. पारदर्शक प्लास्टिक: ऊन आत येऊन लाकूड लवकर वाळतं खरं, पण चार वर्षांत पिवळं पडून तडकतं. लाकडी कौलं: पाहून डोळे निवतात, किंमत ऐकून पांढरे होतात. शेवटचा रकाना होता "आवाज", आणि तो भरायला ऑब्रीने जे केलं ते गावात अजून सांगतात.

त्याने प्रत्येक मालाचा हातभर तुकडा आणून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला, शिडीवर चढून वरून झारीने पाणी सोडलं, मग झारी फांदीला तशीच वाकडी अडकवून धावत खाली आला आणि तुकड्याखाली गुडघ्यांवर बसून कान लावला.

"काय म्हणतंय?" कुंपणावरून आवाज आला. "माझ्यासाठी काही निरोप?"

हा राऊली डगन. जगातली सगळी घरं सोडून ऑब्रीने याच्या शेजारचं घेतलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ऑब्रीच्या कागदामुळे राऊलीला आपलं नवंकोरं कोंबड्यांचं खुराडं पाडावं लागलं होतं. त्याचे पन्हळी पत्रे त्याने फेकले नव्हते. परसात विटांवर एकावर एक रचून ठेवले होते, ऑब्रीच्या स्वयंपाकघरातून नीट दिसतील असे.

"चाचणी चाललीय," ऑब्री मानेवरचं पाणी पुसत म्हणाला.

"मग पत्रा कुठाय? सहा पत्रे देतो की. फुकट. जाड गेजचे आहेत, एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. तुझी शेड होऊन वर दोन हात उरतील, इन्स्पेक्टरसाहेब."

"पत्रा फार वाजतो."

"ऐकून तर बघ!"

"नापास करायला परीक्षा कशाला घ्यायची?" ऑब्री म्हणाला. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं.

झारीच्या परीक्षेत पहिली आली रबराची चादर. अखंड, जाड, काळी. सांधा नाही, भोक नाही, चाळीस वर्षं बघायला नको. खाली फळ्या ठोकाव्या लागतात म्हणून सगळा हिशेब दुप्पट होत होता, पण पाणी पडलं तर मांजर चालल्याइतकाही आवाज नाही. ऑब्रीने त्याच दिवशी मागवली. ती समुद्रापलीकडून यायची होती, आणि येत होती, येत होती, येतच होती.

मेचा तिसरा आठवडा उजाडला. वाऱ्याने ताडपत्री मधोमध फाटली. सकाळी शेगडी पेटेचना, ऑब्री फुंकून फुंकून लालबुंद झाला आणि धुरामागून व्हर्नाचा आवाज आला, "राहू दे आता. मी टॅमसिनला तारखा विचारल्यात."

ती रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसती दमली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ती उठून झोपायच्या खोलीत गेली आणि ऑब्रीने दारातून पाहिलं तर पलंगावर लोकरीच्या कपड्यांचे दोन ढीग होत होते: क्वीन्सलंडात लागणारे आणि न लागणारे. पहिल्या ढिगात एकच स्वेटर होता.

ऑब्रीला एकदम रडूच आलं. एवढे आठवडे वही भरली, रे गाढवा, आणि बायकोला एक कोरडं लाकूड देता आलं नाही तुला! तो तडक कुंपणापाशी गेला.

"राऊली, ते पत्रे दे. रबर येईपर्यंत. तात्पुरते."

राऊलीला आयुष्यभर टोमणे मारण्याची ही संधी होती, पण त्याने ऑब्रीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने हातमोजे चढवले. दोघा म्हाताऱ्यांनी पत्रे कुंपणावरून अलीकडे घेतले. जुनी खिळ्यांची भोकं पन्हळीच्या उंचवट्यावरच होती, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नव्हती. काम चोख केलेलं होतं, हे निरीक्षकाला एकोणीस वर्षांनी दिसलं. रबरी वायसरचे स्क्रू पिळले, पुढे वीतभर वळचण सोडली. दुपारी दोनला छप्पर झालं. मग राऊलीने खिशातून टेप काढला, शेडच्या खांबापासून कुंपणापर्यंत धरला आणि घसा खाकरला.

"नव्वद सेंटिमीटर."

ऑब्री उरलेले स्क्रू मोजू लागला.

"माझंही नव्वदच होतं," राऊली म्हणाला, आणि टेप खिशात घालून चहा प्यायला निघून गेला.

पाऊस तीनला आला. नदीवरून पांढरा पडदा सरकत आला, आणि ऑब्री शेवटची लाकडं रचत असताना डोक्यावर सगळं एकदम सुरू झालं. ताशे, ढोल, जुन्या घराचं ते अख्खं वादन, आणि तेही बायकोच्या उशाशी! संपलं, ऑब्रीला वाटलं. आता ती तिसरा ढीग करणार, माझ्या कपड्यांचा.

मग त्याला गॅरेजमधला गालिचा आठवला. आधीचा मालक टाकून गेलेला, भाकरीसारखा जाड. ऑब्रीने तो ओढत आणला, शिडी लावली, भर पावसात तो वर चढवून पत्र्यांवर पसरला आणि चार विटा ठेवल्या. आवाज बसला. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा बसला. अडुसष्टाव्या वर्षी आपण शिडीवरून पडलो नाही याचंच आधी कौतुक करून घेऊन, पाणी गाळत, तो बायकोला सांगायला आत गेला.

व्हर्ना पलंगावर होती, लोकरीच्या मोठ्या ढिगावर आडवी. नुकती डोळे उघडून गोंधळून इकडेतिकडे बघत होती. गालावर स्वेटरची वीण उमटली होती.

"कोणी बंद केला?" तिने विचारलं.

"काय?"

"पाऊस. वाजत होता ना. मी झोपले होते रे, ऑब्री. खरंच झोपले होते!" तिचे डोळे भरले. "आपल्या घरी असल्यासारखं वाटत होतं."

ऑब्री दारात उभा राहिला. अंगावरून पाणी खाली जमिनीवर पडत होतं.

"तुला तो आवाज आवडायचा?" तो म्हणाला. "तो?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं आवडायचा म्हणून? असायचा तो. मी म्हणाले नव्हते का तुला, हे घर मुकं आहे?"

ऑब्री पुन्हा बाहेर पळाला. ओला गालिचा मेलेल्या गाईसारखा जड झाला होता. शिडीवरून तो एक टोक ओढत होता तेव्हा दुसरं टोक कुणीतरी खालून धरलं.

"पांघरूण घातलं होतंस होय?" राऊली पावसातून ओरडला. "पत्र्याला सर्दी होईल म्हणून?"

"ओढ रे गुमान!"

गालिचा धपकन चिखलात पडला आणि पत्रा पुन्हा गर्जू लागला. ऑब्रीने खिडकीतून डोकावलं. व्हर्नाने ढिगातलाच एक कोट अंगावर घेतला होता आणि भिंतीकडे तोंड केलं होतं.

"आणि तुझं ते समुद्रापलीकडचं रबर?" राऊलीने विचारलं.

"तुला घे. खुराडं बांध. तुझ्या कोंबड्यांना शांत झोप लागेल."

"कुंपणापासून नव्वदवर चालेल?"

"मी निवृत्त झालोय," ऑब्री म्हणाला.

ती साडेपाचपर्यंत झोपली. ऑब्रीने गॅसवर वाटाण्याचं सूप केलं, ते तळाला लावलं, आणि दर दहा मिनिटांनी दारापाशी जाऊन ती श्वास घेतेय ना हे पाहून आला. ती उठली तेव्हा तिचा चेहरा या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या वयाचा दिसत होता. करपलेलं सूप ती दोन वाट्या प्यायली. टॅमसिनला फोन करून म्हणाली, तूच ये बाई इकडे, सरपण आहे भरपूर.

बाहेर पाऊस थांबायचं लक्षण नव्हतं. स्वयंपाकघरातसुद्धा ऑब्रीच्या कपाळाची शीर त्या पत्र्याबरोबर उडत होती. तो बोलला मात्र नाही. बोलायची आपली लायकी उरलेली नाही, एवढं त्याला कळलं होतं. उद्या औषधांच्या दुकानात जाऊन कापूस आणू, असं त्याने मनाशी ठरवलं.

व्हर्ना उठली, पलंगाच्या आपल्या बाजूच्या कप्प्यातून काहीतरी घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवलं. झाकणावर घोडा.

"कचऱ्यात टाकली होतीस," ती म्हणाली. "मी काढून ठेवली. म्हटलं, लागेल तुला कधीतरी."

ऑब्रीने डबी उघडली. आत कापसाचे पांढरे, नवे, त्याच्या कानाच्या मापाचे गोळे एकाशेजारी एक नीट लावलेले होते. एकेचाळीस वर्षं रोज रात्री दोन गोळे वापरूनही ही डबी कधी रिकामी कशी झाली नाही, हा प्रश्न निरीक्षकसाहेबांना एकदाही पडला नव्हता.